पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर नाकातून पाणी: सर्दी, मिसळ की सीएसएफ?

नाकातून दुर्बिणीनं पिट्युटरीची, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या संप्रेरकांच्या ग्रंथीची, गाठ काढलेला माणूस बहुतेकदा आठवड्याच्या आत घरी येतो. चेहऱ्यावर टाका नाही, डोक्याला पट्टी नाही. त्यामुळे घरच्यांना वाटतं, किरकोळच काहीतरी झालं. प्रत्यक्षात नाकाच्या पार मागच्या टोकाला, कवटीच्या तळाच्या हाडात खिडकी पाडून ती गाठ काढलेली असते आणि ती खिडकी पुन्हा बुजवलेली असते. बुजवलेली जागा धरली नाही, तर मेंदूभोवतीचं पाणी, म्हणजे डॉक्टर ज्याला सीएसएफ म्हणतात ते, नाकात उतरतं. वेळेत ओळखलं तर ही गळती बहुतेकांची पूर्ण बरी होते. पंचाईत एवढीच, की या दिवसांत नाक तसंही वाहतच असतं. कुठल्या थेंबाकडे दुर्लक्ष करायचं आणि कुठल्या थेंबासाठी रात्री गाडी काढायची, हे घरच्यांना आधीच माहीत असलेलं बरं.

पाणी किती, भीती कशाची

मोठ्या माणसाच्या मेंदू-मणक्याभोवती कुठल्याही क्षणी साधारण १५० मिली सीएसएफ असतं. शरीर मात्र दिवसाला सुमारे ५०० मिली नवं तयार करतं, म्हणजे तासाला २० मिलीच्या आसपास, आणि तेवढंच रक्तात परत शोषलं जातं. त्यामुळे ‘डोक्यातलं पाणी संपेल का हो?’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. गळलेलं भरून निघतं. फार गळलं तर दाब उतरतो आणि डोकं दुखतं. ही डोकेदुखी ओळखू येण्याजोगी असते: उठून बसलं की ठणका, आडवं झालं की थोड्या वेळात आराम.

खरी भीती वर जाणाऱ्या गोष्टींची. पाणी ज्या वाटेनं खाली येतं त्याच वाटेनं नाकातले जंतू आणि हवा वर जाऊ शकतात. जंतू पोचले की मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग. हवा थोडी असेल तर ती आपोआप शोषली जाते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या सीटीमध्ये हवेचे काही बुडबुडे दिसणं नेहमीचंच आहे. पण शिंकरताना किंवा खोकताना हवा आत ढकलली गेली आणि बाहेर यायला वाट मिळाली नाही, तर ती मेंदूलाच दाबायला लागते. मग रुग्ण सुस्त होतो, बोलणं विसंगत होतं. अशा वेळी सकाळपर्यंत थांबणं परवडत नाही.

भोक पडतं कुठे

पिट्युटरी ग्रंथी हाडाच्या एका खोलगट खोबणीत बसलेली असते आणि तिच्या बरोबर खाली स्फेनॉइड सायनस, म्हणजे हवेची पोकळी असते. सर्जन या पोकळीतून वर जातो, खोबणीचं पातळ हाड काढतो, मग ड्युरा हे जाड आवरण उघडतो. गाठ खोबणीतच असेल तर सीएसएफपर्यंत पोचायची वेळच येत नाही. वर अ‍ॅरॅक्नॉइडचा नाजूक पडदा असतो आणि पाणी त्याच्या पलीकडे. गाठ मोठी असली की हा पडदा तिच्यावर ताणलेला असतो. गाठ निघाली की तो खाली झोळतो आणि तिथे बारीकशी चीर पडू शकते. म्हणून गाठ काढून झाल्यावर सर्जन भूलतज्ज्ञाला सांगून रुग्णाच्या छातीतला दाब काही क्षण वाढवून घेतो आणि दुर्बिणीतून बघतो, पाणी झिरपतंय का. अजिबात नाही, जरासं पाझरतंय, बऱ्यापैकी येतंय, की धार लागलीय, अशा शून्य ते तीन पायऱ्या लावल्या जातात आणि त्यावरून बुजवायची तयारी ठरते.

नेहमीच्या पिट्युटरी ऑपरेशननंतर गळती होण्याचं प्रमाण साधारण १ ते ५ टक्के. क्रॅनिओफॅरिंजिओमा, खोबणीच्या पुढच्या कडेचा मेनिंजिओमा किंवा मागच्या हाडातला कॉर्डोमा अशा गाठींना मात्र खिडकी मोठी करावी लागते, आणि काही वेळा सीएसएफच्या मोठ्या टाक्या मुद्दाम उघडाव्या लागतात. तिथे धोका कितीतरी जास्त. वजन फार असेल, डोक्यातला दाब मुळातच वाढलेला असेल, आधी एकदा ऑपरेशन किंवा रेडिएशन झालेलं असेल, कुशिंगच्या आजारानं (शरीरात कॉर्टिसॉल जास्त झाल्यानं) ऊती कमकुवत झाल्या असतील, तर जखम धरायला अवघड जाते. गळती झाली म्हणजे सर्जनचा हात चुकला, असं लगेच धरून चालू नये. गाठ पडद्याला चिकटलेली असेल तर ती पूर्ण काढण्याची किंमत म्हणूनही पाणी उघडं पडतं.

बंद करतात ते कसं

कोल्हापूरकरांना हे समजायला सोपं आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यासारख्या आपल्याकडच्या बंधाऱ्यांत खांबांच्या खाचांत बरग्यांच्या दोन रांगा बसवतात आणि मधे माती ठासतात. पाणी रेटतं, तसे बरगे खाचेच्या कडेला अधिकच घट्ट बसतात. उरलेल्या फटी मातीनं बुजतात. कवटीच्या तळाचं भोकही याच तत्त्वावर बंद होतं. पहिला थर भोकापेक्षा मोठा कापून आतल्या बाजूला सरकवतात. हा मांडीच्या बाहेरच्या अंगाचा पांढरा चिवट पडदा असतो किंवा कोलॅजनचा तयार तुकडा. मेंदूच्या बाजूचा दाब त्याला हाडाच्या कडेवर दाबून धरतो. मोकळ्या जागेत पोटाची किंवा मांडीची चरबी भरतात. म्हणूनच नाकाच्या ऑपरेशननंतर मांडीला किंवा बेंबीजवळ टाके दिसतात आणि ‘इथं कशाला कापलं?’ असा प्रश्न घरच्यांना पडतो.

मग चरबी चांगली ठासून का भरत नाहीत? कारण खोबणीच्या बरोबर वर डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. जास्त भरलं तर त्या दाबल्या जातात आणि ऑपरेशननंतर दिसणं कमी होतं.

सगळ्यात बाहेरचा थर नाकाच्या पडद्यावरच्या अस्तराचा. हे अस्तर सोलून मागे वळवतात, पण एका बाजूनं त्याची रक्तवाहिनी जोडलेलीच ठेवतात. अर्जेंटिनातल्या हदाद आणि बासागास्तेगी यांच्या नावानं हा फ्लॅप ओळखला जातो. २००६ मध्ये तो सविस्तर मांडला गेला आणि मोठ्या खिडकीच्या ऑपरेशनांचं चित्र पालटलं. आधी अशा ऑपरेशनांत पाचातल्या एका रुग्णाला किंवा त्याहूनही जास्त जणांना गळती होत असे. आता अनुभवी हातांत ते प्रमाण १० टक्क्यांच्या आत आलं आहे. जिवंत रक्तपुरवठ्याचं अस्तर काही दिवसांतच धरू लागतं. अट एकच, की खाली उघडं हाड हवं. सायनसचं मूळ अस्तर खाली राहून गेलं तर फ्लॅप चिकटत नाही आणि पुढे तिथे चिकट द्रवाची गाठ होऊ शकते.

त्यावर फिब्रिन ग्लू, म्हणजे रक्तातल्या प्रथिनाचा डिंक, मग नाकात पॅक, म्हणजे आधाराचा बोळा, आणि मोठ्या भोकाला काही वेळा मूत्रनलिकेसाठी वापरतात त्या फोली कॅथेटरचा फुगा सलाइननं फुगवून काही दिवस टेकू म्हणून ठेवतात. जिथून अस्तर उचललं तिथे दोन-तीन महिने खपल्या धरतात, वास कमी येतो, नाकाला कुबट दर्प येतो. या खपल्या बोटानं काढायच्या नाहीत. ते काम दुर्बिणीखाली नाक-कान-घसा तज्ज्ञाचं.

बिघडतं कुठे

बहुतेक गळत्या पहिल्या दोन आठवड्यांत समोर येतात. कारणं ठरावीक. आतला थर सरकलेला असतो किंवा कापतानाच तोकडा पडलेला असतो. फ्लॅप भोकाच्या एका कोपऱ्यापर्यंत पोचलेला नसतो किंवा त्याची रक्तवाहिनी पिळली जाऊन तो मरतो. नाहीतर एका जोरदार शिंकेनं सगळंच हलतं. खोकला, कुंथणं, वजन उचलणं यांनी डोक्यातला दाब क्षणात कितीतरी पटींनी चढतो, आणि तो झटका ओल्या जखमेला सोसत नाही.

उशिरा होणारी गळतीही असते. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढवणारी पिट्युटरीची गाठ कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आकसते. त्या गाठीनंच तळाचं हाड खाल्लेलं असेल आणि तीच भोकाला बूच होऊन बसली असेल, तर बूच लहान झाल्यावर पाणी सुरू होतं, तेही ऑपरेशन न होता. गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी नाक एका बाजूनं वाहू लागलं तर ‘हवा बदलली’ म्हणून सोडून देऊ नका. आणि गोळ्या मनानं बंदही करू नका, आधी दाखवा.

घरी ओळखायचं कसं

ऑपरेशननंतरचं नेहमीचं वाहणं दाटसर, लालसर-तपकिरी, शेंबडाचं असतं आणि दिवसागणिक कमी होत जातं. सीएसएफ पाण्यासारखं पातळ आणि स्वच्छ असतं. बहुधा एकाच नाकपुडीतून येतं, चव खारट लागते, आणि डोकं खाली झुकलं की थेंब-थेंब किंवा एकदम ओघळ येतो. रात्रभर सायनसच्या पोकळीत साचलेलं पाणी सकाळी उठून वाकताच गळणं, ही तर खास खूण. नाकात पॅक असेल तर पाणी पुढे येऊच शकत नाही. ते घशात उतरतं. रुग्ण सारखा गिळत राहतो, ‘खारट लागतंय’ म्हणतो, आडवा झाला की खोकतो. पुढून नाक कोरडं आहे, म्हणजे गळती नाही, हा निष्कर्ष इथे चुकतो.

आता मिसळ. तिखट खाल्ल्यावर काही मिनिटांत दोन्ही नाकपुड्यांतून पाणी येतं आणि थोड्या वेळात थांबतं. ते नाकाच्या ग्रंथींचं काम आहे, मेंदूशी त्याचा संबंध नाही. सर्दीचं पाणीही दोन्हीकडून येतं, सोबत शिंका आणि नाक चोंदणं असतं, आणि मान खाली-वर केल्यानं त्यात फारसा फरक पडत नाही. जेवणाशी संबंध नसलेलं, एका बाजूचं आणि डोक्याच्या हालचालीबरोबर कमी-जास्त होणारं पाणी मात्र संशयाचं.

शंका वाटली तर खुर्चीत टेकून बसवा, हनुवटी छातीकडे झुकवायला सांगा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. डोकं कमरेखाली न्यायचं नाही, कुंथायचं नाही. पाणी आधीच टपकत असेल तर हे करायचीही गरज नाही. मेडिकलच्या दुकानात लघवी तपासणीसाठी मिळते तशी कोरी, निर्जंतुक डबी नाकपुडीखाली धरा आणि पडतील ते थेंब थेट तिच्यात घ्या. १ मिली, म्हणजे साधारण २० थेंब, पुरतात. रुमाल किंवा कापूस पिळून पाणी काढू नका. डबी झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा. कुठली नाकपुडी, किती वाजता, काय करताना, हे तिच्यावर लिहा.

या नमुन्याची बीटा-२ ट्रान्सफेरिन ही तपासणी सर्वांत भरवशाची. हे प्रथिन सीएसएफमध्ये असतं. अश्रूंत, शेंबडात नसतं. नमुना बहुतेकदा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि अहवालाला काही दिवस जातात. म्हणून लक्षणं स्पष्ट असतील तर डॉक्टर अहवालासाठी थांबत नाहीत.

घरच्या साखर मोजायच्या पट्टीवर नाकातलं पाणी टाकून बघण्याचा उपाय बराच पसरला आहे. त्यावर विसंबू नका. रक्ताचा अंश असला किंवा मधुमेह असला तर साध्या शेंबडातही साखर सापडते, आणि अ‍ॅक्रोमेगली (वाढीचं संप्रेरक जास्त होण्याचा आजार) किंवा कुशिंगच्या रुग्णांत मधुमेह तर बऱ्याच जणांना असतो. उशीवर मधे लाल आणि भोवती फिकट कडं दिसणं, रुमाल वाळल्यावर कडक न होणं, या खुणा संशय वाढवतात, पण निकाल देत नाहीत.

कानामागून ऑपरेशन झालेल्यांसाठी एक गोष्ट वेगळी. श्रवणनसेची गाठ काढल्यावर पाणी कानामागच्या हाडातल्या हवेच्या कप्प्यांत शिरतं, तिथून मधल्या कानात आणि कान-नाक जोडणाऱ्या नळीवाटे नाकाच्या मागे. कानाचा पडदा शाबूत असेल तर कान कोरडा आणि नाक ओलं, असा प्रकार दिसतो. कानामागे टाक्यांखाली मऊ फुगवटा येणं हीही गळतीच.

दवाखान्यात काय होतं

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा किंवा खासगीत, सुरुवातीची कामं तीच. नाकात दुर्बीण घालून बघणं, बारीक कापांचा सीटी, गरजेप्रमाणे पाणी ठळक दाखवणारा एमआरआय. सीटीमध्ये हाडाचं भोक आणि आतली हवा दिसते. आधीच्या सीटीपेक्षा हवा वाढलेली असेल तर वाट उघडी आहे, हे उघड होतं. म्हणून जुन्या सीटीची सीडी बरोबर न्या. नुसता छापील अहवाल पुरत नाही.

झिरपणं अगदी थोडं असेल तर डोक्याची बाजू ३० अंश उंच ठेवून विश्रांती, पोट साफ राहील असं औषध, आणि काही वेळा पाण्याची निर्मिती कमी करणारं अ‍ॅसिटाझोलामाइड. धार असेल, भोक दिसत असेल तर वाट बघण्यात अर्थ नसतो. पुन्हा नाकातून जाऊन सरकलेला थर नीट बसवणं हाच खात्रीचा मार्ग, आणि तो पहिल्याच प्रयत्नात दहातल्या सुमारे नऊ जणांत यशस्वी होतो. नुसती प्रतिजैविकं चालू ठेवून गळती बंद होत नाही. गळती लांबली तर न्यूमोकोकस या मेनिंजायटिस करणाऱ्या जंतूची लस घेतली आहे का, हे विचारलं जाईल.

पाठीतली नळी, म्हणजे लंबर ड्रेन, याबद्दल घरच्यांना थोडं जास्त माहीत हवं, कारण बिघाड खाटेजवळच होतो. कमरेच्या मणक्यातून बारीक नळी घालून तासाला ५ ते १० मिली पाणी बाहेर सोडतात, म्हणजे वरचा दाब कमी राहून जखमेला उसंत मिळते. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या १७० रुग्णांच्या चाचणीत, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मोठी भोकं असलेल्यांना तासाला १० मिली याप्रमाणे ७२ तास नळी ठेवली. त्यांच्यात गळती ८.२ टक्के झाली, नळी नसलेल्यांत २१.२ टक्के. साध्या पिट्युटरी ऑपरेशनला मात्र ही नळी सरसकट लागत नाही.

पाणी किती वाहायचं ते पिशवीवरच्या थेंबनळीच्या उंचीवर ठरतं. नर्सनं ती रुग्णाच्या कानाच्या किंवा खांद्याच्या पातळीला बांधलेली असते. जेवायला देताना कुणी खाटेचं डोकं वर केलं, किंवा रुग्ण नळी चालू असतानाच उठून बसला, तर काही मिनिटांत तासाभराच्या कितीतरी पट पाणी उतरतं आणि वरून, नाकाच्या वाटेनं, हवा आत ओढली जाते. उठायचं, बसायचं, खाट हलवायची, खोकल्याची उबळ आली, तर आधी नर्सला हाक मारून नळी बंद करून घ्यायची, मगच हालचाल.

घरी आल्यावर चार ते सहा आठवडे

नाक शिंकरायचं नाही. पुसायचं. शिंक दाबायची नाही, तोंड उघडून सोडायची. तपकीर बंद. मिश्री लावून जोरानं खाकरणंही बंद. फोडणी देताना रुग्णाला दुसऱ्या खोलीत बसवा. लाल मिरचीचा ठसका मिसळीच्या नाकगळीपेक्षा जास्त घातक. चुलीपुढं फुंकणी घेऊन बसायचं नाही. जलनेती, नस्य, कपालभाती, शीर्षासन, सूर्यनमस्कार यांतलं काहीही सर्जनच्या परवानगीशिवाय सुरू करायचं नाही. नाक धुवायला सांगितलं असेल तेव्हाही पाणी उकळून गार केलेलंच, नळाचं नाही.

पाच किलोपेक्षा जास्त वजन नको. म्हणजे भरलेली घागर नको, दुधाचा कॅन नको, उसाची मोळी तर नकोच. तालमीतल्या पोरांना सहा आठवड्यांनंतरही जोर-बैठका आणि कुस्ती कधी, हे वेगळं विचारून घ्यावं लागतं. भारतीय पद्धतीच्या संडासापेक्षा कमोड किंवा खुर्ची बरी. पोट साफ राहायला लॅक्ट्युलोज सहसा देतात. घरचं ईसबगोल घेण्याआधी एकदा विचारा: त्याला भरपूर पाणी लागतं, आणि पिट्युटरीच्या काही रुग्णांना पहिल्या पंधरवड्यात पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असतं, कारण ऑपरेशननंतर पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास रक्तातलं सोडियम घसरू शकतं. त्यानंही डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. म्हणून अशा वेळी गळती आणि सोडियम, दोन्ही तपासून घ्यावं लागतं.

झोपेत श्वास अडतो म्हणून नाकातून दाबानं हवा देणारं सीपॅप मशीन लावणाऱ्यांनी ते कधी सुरू करायचं हे लेखी घ्यावं. त्याची हवा थेट जखमेवर जाते. आंबा घाट किंवा गगनबावड्याचा घाट उतरताना कान बंद झाले तर नाक दाबून फुंकायचं नाही. गिळायचं, जांभई द्यायची. उजळाईवाडीहून विमानानं जायचं असेल तर आधी डोक्यातली हवा शोषली गेली आहे का, ते विचारा.

ताप, मान आखडणं, उजेड न सोसणं, वाढती डोकेदुखी, उलट्या, झोपाळूपणा किंवा विसंगत बोलणं: यांतलं काहीही दिसलं तर ओपीडीची वेळ बघत बसू नका, १०८ला फोन करा. पिट्युटरी कमी पडल्यानं काहींना स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात; स्टेरॉइड चालू असेल तर मेनिंजायटिसमध्येही ताप फार चढत नाही, हे ध्यानात असू द्या. उलट्यांमुळे स्टेरॉइडची गोळी पोटात टिकत नसेल तर तेवढंच कारण इंजेक्शनसाठी दवाखाना गाठायला पुरेसं आहे. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आधी न्यावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरांना हे ऑपरेशन झाल्याचं चेहऱ्यावरून कळणार नाही. पोट रिकामं करायला किंवा श्वासासाठी नाकातून आंधळेपणानं घातलेली नळी तळाच्या भोकातून थेट मेंदूत जाऊ शकते. रुग्ण शुद्धीत नसेल तर बरोबर गेलेल्यानं डिस्चार्ज कार्ड पुढे करावं आणि दारातच सांगावं: कवटीच्या तळाचं ऑपरेशन नाकातून झालंय, नाकात नळी घालू नका, आणि चालू असतील तर, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत.